गेटबाहेरचे बुवा

बुवांच्या शर्टाच्या खिशात पावतीपुस्तक असतं आणि पँटच्या खिशात टेप. पावतीपुस्तक युनियनचं, टेप स्वतःचा. पंधरा मीटरचा, पिवळ्या पट्टीचा, गवंडी वापरतात तसला. युनियनच्या माणसाला टेप कशाला लागतो, असं ज्याला वाटेल त्याने कारखान्याच्या गेटवर नोकरी केलेली नाही. मी केली आहे. आसनगाव स्टेशनपासून हायवेच्या अंगाने ज्या प्लास्टिकच्या कंपन्या आहेत, त्यांतल्या एकीच्या टाइम ऑफिसात मी चौदा वर्षं लोकांच्या येण्याजाण्याचे हिशेब ठेवले. कंपनीचं नाव सांगत नाही. बुवांचंही सांगत नाही, कारण सांगून उपयोग नाही. पंचक्रोशीत त्यांना बुवाच म्हणतात, आणि मस्टरवरचं नाव त्यांच्या घरच्यांनाही आठवून सांगावं लागतं.

बुवा किन्हवलीकडचे. गावच्या भजनात टाळ धरणारे, एकादशी न चुकवणारे, आणि कंपनीत मोल्डिंगच्या मशीनवर बावीस वर्षं उभे असलेले. उंची बेताची, आवाज मात्र तीनमजली. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. अंबरनाथला असतात, सातपूरला असतात, चाकणला असतात. कारखान्याला एक वेळ चिमणी नसेल, पण गेटबाहेर बुवा असतोच. फक्त आमच्या बुवांइतकी हद्दीची चाड मी दुसऱ्या कुणाला पाहिली नाही.

हद्द म्हणजे काय ते सांगतो. कंपनीत एक 'आतली' युनियन होती आणि एक 'बाहेरची'. आतलीला मान्यता होती. मान्यता म्हणजे १९७१ चा महाराष्ट्राचा कायदा, ज्याला सगळा ठाणे जिल्हा 'पल्प' म्हणतो. नव्या पोरांना आधी वाटतं आंब्याचा. पूर्ण नाव एका दमात घेता येत नाही म्हणून लोकांनी इंग्रजी आद्याक्षरांचा रस काढला, इतकंच. पन्नास किंवा जास्त कामगारांच्या कारखान्यात ज्या युनियनकडे सलग सहा महिने किमान ३० टक्के कामगारांची सभासदी आहे तिला कोर्टातून मान्यता मिळते. मान्यता मिळाली की कंपनीच्या आवारात नोटीस बोर्ड लावता येतो, तंट्याबखेड्याबद्दल सभासदांशी आत बसून बोलता येतं, आणि पगार जिथे वाटतात तिथे वर्गणीही गोळा करता येते. दुसरी युनियन आली तर तिने आतलीपेक्षा जास्त सभासद दाखवायचे. पण ते करायचे कुठून? गेटबाहेरून. थोडक्यात, आत येऊन बोलायचा हक्क हवा असेल तर तो आधी बाहेर बोलून मिळवायचा.

बुवा बाहेरच्या युनियनचे. त्यांनी गेटवर पहिली द्वारसभा घेतली तेव्हा घोषणा थेट प्रॉडक्शन हॉलपर्यंत आल्या आणि दोन मशीन थांबली, असं कंपनीचं म्हणणं. (मशीन थांबली होती ती दाणा संपला म्हणून. पण ते माझ्या टेबलावर यायचं काम नव्हतं.) कंपनी कोर्टात गेली आणि गेटपासून १०० मीटरच्या आत सभा, घोषणा, निदर्शनं करायची नाहीत असा मनाई हुकूम घेऊन आली.

दुसऱ्या दिवशी बुवा टेप घेऊन आले.

वॉचमन त्यांचा लांबचा भाचा. "पकड रं," म्हणून त्यांनी टेपचं टोक त्याच्या हातात दिलं आणि चालू लागले. पंधरा मीटर झाले की रस्त्यावर चुन्याचा ठिपका, भाच्याने ठिपक्यावर यायचं, पुन्हा पंधरा. असं सहा वेळा, आणि सातव्यांदा दहा मीटर. कंपनीचे पर्सनल मॅनेजर खिडकीतून बघत होते. ते मला म्हणाले, "अरे, वॉचमन आपला ना?" मी म्हटलं, "हो साहेब, पण टेप त्यांचा."

शंभरावा मीटर आला तो थेट चहाच्या टपरीत. स्टोव्ह, पातेलं आणि टपरीवाला हद्दीच्या आत. गिऱ्हाइकांचं बाकडं हद्दीच्या बाहेर. बुवांनी बाकड्यासमोर चुन्याची रेघ ओढली, हात झटकले आणि बाकड्यावर चढून उभे राहिले. "मंडळी, कोर्टाचा हुकूम आपल्या डोक्यावर. ज्याला निसता चहा प्यायचाय त्यानं स्टोव्हकडं थांबा, ज्याला ऐकायचं हाय त्यानं इकडं या." सगळे स्टोव्हकडे थांबले आणि ऐकलं. स्टोव्हकडे उभं राहून कान बंद ठेवा असं हुकुमात कुठे लिहिलेलं नव्हतं.

इथे माझा संबंध आला. बुवा काय बोलतात ते लिहून आणायचं काम मॅनेजरसाहेबांनी माझ्यावर टाकलं. गेटमधून काही ऐकू येईना, म्हणून मी रजिस्टर घेऊन टपरीवर जाऊ लागलो. पहिल्या दिवशी मी चोरासारखा कोपऱ्यात बसलो तर बुवांनी बाकड्यावर माझ्यासाठी जागा करून दिली. "भाऊसाहेब, हितं बसा, उजेड बरा हाय." पुढे पुढे ते माझी गती बघून बोलायला लागले. मी मान वर केली की पुढचं वाक्य. एकदा मी 'अनुचित प्रथा' असं लिहायचं ते 'अनुचित व्यथा' लिहिलं, ते वरून वाकून त्यांनीच दुरुस्त केलं. "तसं तेबी खरंच हाय," असं बोलून पुन्हा ताठ झाले. अजून ते रजिस्टर डोळ्यांपुढे आहे: 'वेळ ३.१०. वक्ता बाकड्यावर. श्रोते अंदाजे ४०, पैकी हद्दीत ३८. विषय: कॅन्टीनची आमटी. चहा १० रु.' चहाचं व्हाउचर साहेबांनी कधी पास केलं नाही.

भाषण म्हणजे कीर्तनच. आधी पूर्वरंग, त्यात कलमं. मग उत्तररंग, त्यात आख्यान. आख्यान बहुतेक त्यांच्या वडिलांचं. वडील परळच्या गिरणीत होते. शहापूर-मुरबाडची कितीतरी माणसं तेव्हा गिरण्यांत होती. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि दत्ता सामंतांच्या मागे लाखावर गिरणी कामगार गेले. पण बोलणी करायचा हक्क होता राष्ट्रीय मिल मजदूर संघाला, कारण १९४६ च्या कायद्याने प्रतिनिधी युनियन ती. "आत एक युनियन, बाहेर सगळी माणसं," बुवा दोन्ही हात पसरून सांगायचे, "आणि मधी गेट." वडील कसारा लोकलने आसनगावला उतरले ते परत कधी गिरणीत गेले नाहीत. एवढं सांगितल्यावर बुवा थांबत, पाणी पीत, आणि एकदम आमटीवर येत. ही त्यांची खास जागा. रडू येणार तेवढ्यात आमटी.

खरी मौज बसमध्ये. शहापूर एस.टी. स्टँडवरून पहिल्या शिफ्टची बस निघते, आसनगाव स्टेशनवर लोकलची माणसं घेते आणि सातच्या आत गेटमध्ये जाते. बस ही कंपनीची हद्द आहे का? साहेबांचं मत, आहे. बुवांनी पाटी दाखवली: बस ठेकेदाराची. म्हणजे बसमध्ये बोलता येतं. पण ती बस शेवटी गेटमधून आत जाते, आणि आत बुवा एक शब्द बोलत नाहीत. कंपनीची जागा, कंपनीची वेळ, त्यात युनियनची भाषा काढायची नाही हा त्यांचा नेम, एकादशीइतकाच कडक. त्यामुळे बसचं पुढचं चाक गेटच्या लोखंडी पट्टीवर आलं की बुवा असतील तिथे थांबतात. वाक्याच्या मध्यात. क्रियापदाच्या आधी.

"...आणि मालकानं दिवाळीला जर का पुन्हा तोच डबा दिला, तर आपण सगळ्यांनी मिळून..." खडाक. बस आत. बुवा गप्प. त्यानंतर आठ तास मोल्डिंगचा अख्खा विभाग 'मिळून काय?' यावर पैजा लावतो. मिळून डबा परत करायचा, मिळून कोर्टात जायचं, मिळून डब्यावर बहिष्कार घालायचा. तीन वाजून काही मिनिटांनी शिफ्ट सुटते, माणसं पळत टपरीवर येतात, बुवा बाकड्यावर चढून म्हणतात, "...तो घ्यायचा." एवढ्यासाठी आठ तास! पण दुसऱ्या दिवशी पुन्हा बसमध्ये सगळे कान देऊन. आसनगावला अर्ध्यावर थांबण्याची परंपरा जुनीच म्हणायची. रूळ वासिंदहून इथे आले १८६० साली आणि कसाऱ्याला पोचायला १८६१ उजाडलं, तोवर गाडी इथेच थांबून होती.

त्या दिवाळीला डबा नाहीच आला. कुकर आला. तीन लिटरचा, शिट्टीसकट. बाहेरच्या युनियनच्या पावत्या वाढताहेत हे साहेबांच्या कानी गेलं होतं. युनियन उभी राहत असताना तिचे पाय ओढायला ऐन वेळी पगारवाढ देणं ही मालकाची अनुचित प्रथा, असं कायद्याच्या परिशिष्टात आहे. बुवांनी कुकर उलटासुलटा करून बघितला. "कायद्यात पगारवाढ लिवलेली हाय, कुकर नाय लिवलेला. घ्या सगळ्यांनी. कुकर मालकाचा, शिट्टी आपली." महिनाभर लोक एकमेकांना भेटले की शिट्टी मारत. साहेबांनी विचारलं, ही घोषणा धरायची का? मी रजिस्टरात लिहिलं: 'शिट्टी. अर्थ अस्पष्ट.'

आणखी एक गंमत कॅन्टीनची. बुवा आत मुके, पण त्यांची भाकरी ज्या कागदात बांधलेली असे तो कागद युनियनचं पत्रक असे. छापील बाजू वर. आजूबाजूचे जेवता जेवता वाचत. याला प्रचार म्हणायचं की बांधणी, यावर मॅनेजरसाहेब आणि कंपनीचे वकील यांचं फोनवर पाऊण तास बोलणं झालं. शेवटी सर्क्युलर निघालं: डबे स्टीलचे असावेत. बुवांनी स्टीलचा डबा आणला. तो दिवाळीचाच, जुना.

बुवांचं दुखणं वेगळंच होतं, ते मला उशिरा कळलं. डिसेंबर २०२४ मध्ये रेल्वेत युनियनच्या मान्यतेसाठी मतदान झालं, ४, ५ आणि ६ तारखेला. त्याआधीचं २०१३ साली. म्हणजे अकरा वर्षांनी. मध्य रेल्वेवर नॅशनल रेल्वे मजदूर युनियन आणि सेंट्रल रेल्वे मजदूर संघ हे जुने पैलवान समोरासमोर. आसनगाव रेल्वेचं गाव, त्यामुळे चहाच्या गाड्यावर दुसरा विषय नव्हता. बुवांचा ओळखीचा एक ट्रॅकमन होता. त्या आठवड्यात सुट्टीच्या दिवशी बुवा दहा रुपयांचं प्लॅटफॉर्म तिकीट काढून फलाटावर उभे. मी कल्याणहून येत होतो, उतरलो तर समोर बुवा, हातात तिकीट धरलेलं, कुणी विचारलं तर दाखवायला.

ट्रॅकमन ड्यूटी संपवून आला. बुवा म्हणाले, "टाकलंस मत?"

"टाकलं."

"कुणाला?"

"बुवा, गुप्त असतं ते."

बुवांचा चेहरा असा झाला की जणू त्याने त्यांना पंढरपूरचा प्रसाद दिला. दोन-तीनदा "गुप्त," "गुप्त," असं पुटपुटले. मग मला बाजूला घेऊन बोलले, "भाऊसाहेब, यांची पेटी असते, आमची पावती. पावती म्हंजे उघड्यावरची आंघोळ. नाव, नंबर, खातं, सही. तपासणीला साहेब बसला की सगळं दिसतं, कोण आपला, कोण त्याचा. म्हणून माणूस दोघांच्या पावत्या फाडतो. एक भीतीची, एक जिवाची." चौदा वर्षं मी त्या पावत्यांच्या झेरॉक्स बघितल्या होत्या, आणि एकाच नावाच्या दोन पावत्या बघून हसत होतो. त्या दिवसानंतर हसलो नाही. नाही म्हणजे, कमी हसलो.

मी त्यांना चिडवलं, "बुवा, इथे फलाटावर जरा द्वारसभा घ्या की, शंभर मीटरचा हुकूम इथे नाही." ते दचकलेच. त्यांच्या युनियनच्या वकिलाने त्यांना १९६९ चा एक निकाल समजावून सांगितला होता, रेल्वे बोर्ड विरुद्ध निरंजन सिंह. रेल्वेच्या आवारात सभा घेतल्यावरून नोकरी गेलेल्या युनियन कार्यकर्त्याचा खटला. सुप्रीम कोर्टाने सांगितलं, बोलण्याचं, जमण्याचं, संघटना करण्याचं स्वातंत्र्य घटनेनं दिलंय, पण म्हणून दुसऱ्याच्या जागेत वाटेल तिथे ते वापरता येत नाही. बुवांनी हा निकाल अभंगासारखा पाठ केला होता. स्वतःच्या विरुद्ध गेलेला निकाल इतक्या आदराने सांगणारा माणूस मी दुसरा बघितला नाही. "दुसऱ्याच्या ओसरीवर भजन करायचं तर त्याला आधी इचारावं लागतं. नाय बोलला तर वाटेवर करायचं. भजन वाटेवरचं असलं म्हणून देवाला पोचत नाय असं थोडंच हाय?" तिकिटाचे दोन तास संपत आले तसे ते घाईघाईने जिना चढून बाहेर गेले.

पावत्या मात्र ते मिळवत राहिले. पगार जिथे वाटतात तिथे वर्गणी गोळा करायची, असं कायदा मान्यताप्राप्त युनियनला सांगतो. पण तो कायदा पाकिटातून पगार वाटायच्या काळातला. आता पगार खात्यात. मग पगार वाटतात ती जागा कुठली? बुवांनी विचार करून ठरवलं: एटीएम. एटीएम कंपनीचं नाही, मान्यतेचा प्रश्नच येत नाही. सात तारखेला संध्याकाळी शहापुरात एटीएमबाहेर पावतीपुस्तक घेऊन उभे. माणूस नोटा मोजत बाहेर येतो आणि समोर बुवा. कायद्यात वर्गणीची किमान रक्कम महिना ५० पैसे. बुवा तो आकडा सांगून माणसाचा धीर वाढवत आणि मग ५० रुपये घेत. एकदा बँकेच्या रक्षकाने हटकलं. बुवांनी टेप काढला.

सहा महिने पुरे झाले. अर्ज गेला, कंपनीच्या नोटीस बोर्डावर कोर्टाची नोटीस लागली, तपासणी अधिकारी आला, रजिस्टरं, मिनिट बुकं, हिशेब सगळं बघून गेला. दोन-दोन पावत्यांची माणसं बोलावून विचारली, तुम्ही नक्की कुठले? एकाने सांगितलं, "साहेब, मी अस्नोलीचा." तारखांवर तारखा पडून २०२५ च्या पावसाळ्यात मान्यता मिळाली. बाहेरची आत आली.

कंपनीने कॅन्टीनच्या भिंतीवर काचेचा नोटीस बोर्ड लावून दिला, कुलूप-किल्ली बुवांच्या स्वाधीन. पहिली चर्चा कॅन्टीनमध्ये, साडेबारा ते एक, कामात अडथळा न येता. साहेबांनी स्वतः पंखा लावला. मी सवयीने रजिस्टर उघडून बसलो. सगळा विभाग ताटं घेऊन वाट बघत होता, कारण सकाळी बसमध्ये बुवा म्हणाले होते, "...आता मान्यता मिळाली, तर पहिलं काम आपण..." आणि चाक पट्टीवर आलं होतं.

बुवा उभे राहिले. घसा खाकरला. "तर मंडळी, सकाळी मी सांगत व्हतो, पहिलं काम आपण..."

आणि थांबले. खाली फरशीकडे बघितलं. फरशी कंपनीची. भिंत कंपनीची. पंखा कंपनीचा, आणि साहेबांनी लावलेला. बुवांचा हात पँटच्या खिशाकडे गेला, टेप चाचपला, परत आला. आवाज तीनमजली, पण एक मजलाही चढेना. वाढप्याने ताकाचा जग त्यांच्यासमोर ठेवला. पंख्याचा आवाज तेवढा येत होता. असा एक मिनिट गेला असेल.

"आधी जेवून घ्या," असं बोलून ते खाली बसले.

जेवण झाल्यावर त्यांनी बोर्डाचं कुलूप उघडलं आणि वहीचं पान फाडून, माझ्याकडूनच पेन घेऊन, मान्यताप्राप्त युनियनची पहिली नोटीस लावली. अक्षर टपोरं: 'सर्व सभासदांस कळविण्यात येते की चर्चेचा उर्वरित भाग आज दुपारी ३.१० वाजता टपरीवर होईल. हद्दीच्या बाहेर उभे राहावे.'

मॅनेजरसाहेबांनी ती दोनदा वाचली. मला म्हणाले, "आता बाहेर कशाला? आपण तर परवानगी दिलीय." मी काय सांगणार? तीनला शिफ्ट सुटली, पाऊस भुरभुरत होता, चुन्याची रेघ धुऊन गेली होती. बुवा टेप सोडत येत होते आणि भाचा दुसरं टोक धरून गेटवर उभा होता. टपरीवाल्याने मला बघून एक कप जास्त टाकला.